तोंड बाहेर गुंडाळलेला पडदा

शनिवारी सकाळी सव्वानऊला सातवी गुंडाळी उलगडली. त्यातूनही तलावच निघाला. तोच तलाव, तेच दोन हंस, तीच कठड्याची गच्ची. आजोबांचा. सातच्या सात पडदे आजोबांचे, आत्याचा एकही नाही!

आणि आत्या तिकडे बसमध्ये बसलेली. अकराला उतरणार. एकोणीस वर्षांनी.

"एखादी राहिली असेल माळ्यावर," वेल्डर म्हणाली. वेल्डर म्हणजे माझी मैत्रीण. पत्रे कापून, डाग देऊन त्यांचे प्राणी करते, तिच्या केसांना कायम जळका वास.

"माळ्यावर आता फक्त एक पाल आहे."

"पालीला विचारून बघू का?"

"वेल्डर, मी मरणारे आज."

"बारानंतर मर. बाराला दार उघडायचंय."

आता आमचा हॉल तुम्ही बघितलाच असेल, नसेल तर डोळ्यांपुढे आणा. घरामागचं अंगण ओलांडलं की लांबच्या लांब खोली, पत्र्याचं छप्पर, दोन्ही भिंतींना कापड ताणायच्या दांड्या. इथे आजोबांनी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओचे पडदे रंगवले. या शहरातल्या तिशीच्या पुढच्या कुठल्याही माणसाच्या घरी जा, एक तरी फोटो आमच्या तलावापुढचा सापडतो. लग्न ठरलेल्या मुली, नवीन बूट घातलेली पोरं, नोकरी लागलेले लोक, सगळे आमच्या हंसांच्या शेजारी ताठ उभे. गंमत म्हणजे आमच्या शहरात तलाव नाहीच. कधी नव्हताही.

पडद्यावर घरातल्या सगळ्यांचे हात लागायचे. बाबा कठडे काढायचे, आत्या झाडं, पाणी. आभाळ मात्र आजोबांचं. आभाळाला दुसऱ्या कुणी ब्रश लावायचा नाही. मग स्टुडिओवाल्यांकडे कॉम्प्युटर आले, तलाव माऊसच्या एका टिचकीवर यायला लागला, आणि आठ वर्षांपूर्वी आजोबांनी हॉलला कुलूप घातलं. बाबा तोवर ऑफिसच्या खिडक्यांना लावायचे पट्ट्यांचे पडदे विकायला लागलेच होते.

ते कुलूप काढलं आम्ही. आम्ही म्हणजे 'इथेच'. अकरा जणांचा ग्रुप, आणि नाव भांडून भांडून ठरलेलं. कारण आमच्याकडे चित्र काढणाऱ्याला दोनच गोष्टी ऐकवतात, "मग पोटापाण्याचं काय?" आणि "मग मोठ्या शहरात जा." आम्ही म्हटलं, नाही जात. इथेच करणार. बंद पडलेली लॉन्ड्री मागून घेतली, सायकल स्टँडची भिंत घेतली, दातांच्या डॉक्टरची वेटिंग रूम घेतली (तिथे चित्रांकडे खूप वेळ बघतात हो लोक, करणार काय दुसरं), अशा पंधरा जागा. नकाशा छापला. शनिवारी बारा वाजता सगळीकडे एकदम दारं उघडायची, आणि सगळ्यात मोठी जागा आमचा हॉल. मधल्या भिंतीवर अकरा जणांनी मिळून रंगवलेला एक पडदा, आपलं शहर.

आणि त्याच्या समोर आत्याचा. तसा शब्द मी दिला होता. मीच फोन केला होता तिला. "आत्या, तुझा पडदा आजोबांनी जपून ठेवलाय. आम्ही तो लावतोय. तू ये." ती म्हणाली, "जपून ठेवलाय? खरंच?"

जपून ठेवलाय हे मला सांगितलं होतं आईने. आणि आई त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन हॉलमध्ये आली, सगळीकडे तलावच तलाव बघून थांबली आणि म्हणाली, "अगं, तो रस्त्याचा कुठाय?"

"कुठला रस्त्याचा?"

"चिमणीचा, तुझ्या आत्याचा. माळ्यावर पुढेच तर होता. रस्ता, दिव्यांचे खांब. मुद्दाम चित्र बाहेर ठेवून गुंडाळलेला, येता-जाता दिसावा म्हणून."

माझ्या हातातली दांडी खाली पडली.

"येता-जाता दिसावा म्हणून नाही गं आई," मी म्हटलं. "तोंड आत म्हणजे ठेवायचा. तोंड बाहेर म्हणजे धुवायचा."

हा आमच्या हॉलचा नियम. सरस घालून कालवलेला रंग कोमट पाण्याने निघतो, मग तेच कापड पुन्हा वापरायचं. म्हणून चित्र आत ठेवून गुंडाळलं तर पडदा राहिला. चित्र बाहेर ठेवून गुंडाळलं तर त्याची पाळी आली. मी पाच वर्षांची असल्यापासून मला हे पाठ. आई हॉलमध्ये कधी कामाला नव्हतीच, तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मंगळवारी मीच, मोठी शहाणी, आमच्या ग्रुपपुढे छाती काढून सांगत होते की बघा, तोंड बाहेर असलेला एक आहे ना, तो बिनधास्त धुवा. गार पाणी नको, डाग राहतात, कोमट करा. बादल्या मी भरल्या. रस्ता मी बघितला होता! खांबही बघितले होते! वर आभाळच नव्हतं, नुसतं कोरं कापड, म्हणून मला वाटलं आजोबांचाच एखादा फसलेला. फरशीवरून करडं पाणी वाहत गेलं आणि मी झाडूने ते मोरीकडे ढकललं.

"म्हणजे," आई हळूच म्हणाली. तिने आमच्या अकरा जणांच्या पडद्याकडे बोट केलं. "म्हणजे हे कापड..."

"हो."

आई खाली बसली. ट्रे हातात तसाच.

तेवढ्यात बाबा आले. बाबांना सांगायला अर्धं मिनिट लागलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग, खरं सांगते, थोडा सुटल्यासारखा झाला. हे मला त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं. एकोणीस वर्षं ते एक दिवस टाळत आले होते. त्या दिवशी आजोबा आत्याचा पडदा बघून म्हणाले होते, "गिऱ्हाइकाला तलाव लागतो. रस्त्यापुढे उभं राहून कोण फोटो काढतं? धुवून टाक." आत्याने बाबांकडे बघितलं होतं. दादा काहीतरी बोलेल म्हणून. आणि दादा कठड्याची रेघ ओढत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती गेली. पडदाच राहिला नाही तर आज कुणी तो दिवस उकरून काढणार नाही, असं त्यांना क्षणभर वाटलं, आणि वाटल्याची लगेच लाजही वाटली.

"वाळवी लागली म्हणू," बाबा म्हणाले.

"अहो!"

"मग काय सांगू तिला? तुझ्या भाचीने बादली ओतली म्हणून? आजच्या दिवसापुरतं तरी..."

"त्याही दिवशी तुम्ही आजच्या दिवसापुरतंच गप्प बसला होतात," आई म्हणाली. ती कधीच असं बोलत नाही. "दर महिन्याला मी फोन करते तिला. होय, करते, बघू नका असे. दर महिन्याला ती विचारते, वहिनी, अण्णा काही म्हणाले का? मी काय सांगणार? शेवटी एकदा सांगितलं की तुझा पडदा ठेवलाय बघ त्यांनी. त्यावर जगलीये ती."

"म्हणून म्हणतो, वाळवी."

"मी सांगणार," मी म्हटलं. "मी धुतलाय, मीच सांगणार. पण बाबा, आणायला तुम्ही जा. माझं तोंड बघून तिला बसस्टॉपवरच कळेल."

बाबा गेले. वाळवीचं वाक्य घोकत गेले. आत्या उतरली, एक छोटी बॅग, केस कापलेले, नखांच्या कडेला रंग. ती मोठ्या शहरात एका कारखान्यात दिव्यांच्या काचांवर फुलं काढते. रोजची एकशेवीस, सगळी एकसारखी आली पाहिजेत. तिने बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, "दादा, तुझे केस कुठे गेले रे?"

"तू गेलीस, मग तेही गेले."

दोघं हसले, आणि वाळवी घशातच राहिली.

गल्लीतून येताना ती दर चार पावलांवर थांबायची. लॉन्ड्रीच्या काचेत कुणाची तरी कागदाची कोल्हीण टांगलेली. शिंप्याच्या पायऱ्यांवर दोघं जण स्पीकरच्या वायरी जोडत होते. कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या शटरवर आमच्यातलीच एक शेवटचा हात मारत होती, शिडीवर चढून.

"हे सगळे बाहेरून आलेत?" आत्याने विचारलं.

"छे. इथलेच. हलायला तयार नाहीत. ग्रुपचं नावच ते ठेवलंय, इथेच."

"आणि शिडी धरून उभे आहेत ते कोण?"

"तिचे वडील. रिक्षा चालवतात."

आत्या त्या शिडीकडे बघत राहिली. ती वरची पोर नाही, तिचं चित्र नाही, खाली दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून, मान वर करून उभा असलेला बाप. बाबा सांगतात, तिथे ती दोन मिनिटं तरी उभी होती. मग म्हणाली, "वीस वर्षं आधी जन्मली मी. चल."

हॉलच्या दारात मी उभी होते. पाठ केलेलं सगळं विसरले. ती आत आली, वर छपराकडे बघितलं, वास घेतला, आणि मी भडाभडा ओकले सगळं. तोंड बाहेर, कोमट पाणी, बादल्या, मोरी, सगळं. शेवटी नुसतं "मी, मी, मी धुतला" एवढंच येत होतं तोंडातून.

आत्या रडली नाही. तिने एकच गोष्ट धरली.

"तोंड बाहेर होतं?"

"हो."

"म्हणजे धुवायलाच ठेवला होता." ती आईकडे वळली. "जपून नव्हता ठेवला, वहिनी."

आत्याने बॅग खाली ठेवली नव्हतीच. आता तिने ती दुसऱ्या हातात घेतली आणि विचारलं, "परतीची बस कधी आहे रे, दादा?"

"चारला. पण चिमे..."

"त्याच्या आधीची?"

"आत्या, आम्ही आमचं धुतो!" मी ओरडलेच. "आत्ता, वीस मिनिटांत. सगळे तयार आहेत." ते सगळे तयार वगैरे काही नव्हते. चार दिवस-रात्र खपली होती पोरं. पण वेल्डर खरंच बादलीकडे निघाली. "कापड तुझं आहे, आम्ही कोरं करून देतो, तू परत काढ."

"काय काढू गं?" आत्या म्हणाली. "मलाच धड आठवत नाही आता. किती वेळा डोळ्यांपुढे आणला. खरा किती आणि मागाहून घातलेला किती, कळत नाही. म्हणून तर आले होते. एकदा बघायला."

"सायकल होती," मागून आवाज आला.

आजोबा. आठ वर्षांत ते हॉलमध्ये आले नव्हते. आमच्यातल्या दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आणायचं ठरलं होतं, बाराला, टाळ्यांमध्ये. ते काठी टेकत एकटेच अंगण ओलांडून आले होते. धापा टाकत होते. आत्याकडे बघत नव्हते. आमच्या पडद्याकडे बघत होते, म्हणजे त्यातून पलीकडे.

"खाली डाव्या हाताला सायकल. भिंतीला टेकवलेली. मागचं चाक दिसायचं, पुढचं भिंतीआड. मग रस्ता. मग सात खांब."

"आठ," आत्या म्हणाली. तिच्याही नकळत.

"सात. आठवा खडूने आखलास, रंगवला नाहीस."

दारात माणसं जमायला लागली होती. बारा वाजले असावेत, पण कुणी कुणाला आत घेतलं नाही आणि कुणी बाहेरही ठेवलं नाही. लोक आले आणि कडेकडेने उभे राहिले.

"तिसऱ्या खांबाच्या सावलीत तू जांभळा घातलास," आजोबा म्हणाले. "मी म्हटलं, सावलीत जांभळा कोण घालतं? तू गेल्यावर चारच्या उन्हात बाहेर जाऊन बघितलं. खांबाखाली उभा राहिलो. होता जांभळा."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"नाही."

"अण्णा, तुम्हाला हे सगळं..."

"दर वर्षी धुवायला काढायचो. उलगडायचो. पाणी गरम करायचो. मग बघत बसायचो आणि पाणी गार व्हायचं. कापडाला कोमटच पाणी लागतं, मग म्हणायचो, आता पुढच्या वर्षी. अकरा वर्षं. मग कुलूपच घातलं." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. पूर्वी ब्रश धरायचे तो हात आता नुसता थरथरतो. "तो रस्ता वर जाऊन वळायचा. वळणापलीकडे काय ते तू काढलं नव्हतंस. मला दर वेळी वाटायचं, जरा बाजूला सरकून बघितलं तर दिसेल. सरकायचो सुद्धा. वेड लागल्यासारखा."

कुणी हसलं नाही.

"तोंड आत करून का नाही ठेवलात मग?" आत्याने विचारलं. पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. "एवढंच करायचं होतं. नुसता उलटा गुंडाळायचा होता."

"धुवून टाक म्हणालो होतो," आजोबा म्हणाले. "मी म्हणालो होतो, सगळ्यांपुढे. मग कसा ठेवणार?"

बाबा खाली फरशीकडे बघत होते. त्यांना वाटत होतं, आपण मध्ये पडलो असतो एका वाक्याने, तर या म्हाताऱ्याला स्वतःचा शब्द मागे घ्यायला जागा मिळाली असती. हेही त्यांनी मला सांगितलं. बाबा आता बरंच काही सांगतात.

"एक मात्र तुझं चुकलंच," आजोबा म्हणाले, आणि जरा जुने आजोबा झाले. "आभाळ अर्धवट टाकून उठलीस. असं अर्धवट टाकून माणूस उठत नाही."

"अर्धवट नव्हतं हो अण्णा." आत्याने बॅग खाली ठेवली. "तुमच्यासाठी सोडलं होतं. आभाळ तुम्हीच काढायचात ना."

आजोबा मागे हात करून खुर्ची शोधायला लागले, आणि आत्याने पायाने खुर्ची त्यांच्याकडे सरकवली, जशी ती लहानपणी सरकवायची म्हणे, हातात रंग असले की.

मग एकदम गलका झाला. माणसं आत घुसली. आमचा पडदा कुणी धुतला नाही बरं का, राहिला. लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढायला लागले, रांगच लागली. एक आजी आल्या, आमचं शहर बघितलं, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि म्हणाल्या, "हे ठीक आहे पोरी, पण तलाव कुठे लावलाय?" तलाव समोरच्या भिंतीवर होता, जिथे आत्याचा लावायचा होता तिथे. आजी हंसांशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. ताठ. आत्यानेच त्यांचा फोटो काढला.

दुपारभर ती हिंडली, पंधरापैकी नऊ जागा झाल्या तिच्या. वेल्डरच्या पत्र्याच्या घोड्यापुढे उभी राहून तिने विचारलं, "सांधा कुठे दिलास? दिसत नाही." वेल्डर तेव्हापासून जमिनीवर नाही. लॉन्ड्रीतल्या मुलाला म्हणाली, "इथून जायचं मनात आलं तर जा, पण जागा नाही म्हणून जाऊ नकोस." दातांच्या डॉक्टरकडे ती एका कोऱ्या भिंतीपुढे बराच वेळ बसली. मी विचारलं काय बघतेस, तर म्हणाली, काही नाही, दात दुखतोय. खोटं होतं ते.

साडेतीनला ती घरी बॅग घ्यायला आली. आईने डबा भरून दिला, बाबांनी बॅग उचलली. आई म्हणत होती राहा गं आजची रात्र, आणि आत्या म्हणत होती उद्या एकशेवीस फुलं आहेत वहिनी, आज मी रजा टाकून आले, उद्या भरून द्यायची आहेत.

आजोबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. आत्या वाकली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग काढून घेतला.

"कापड ताणून ठेवायला सांगतो पोरांना," ते म्हणाले.

"कसलं कापड? कोरं आहे कुठे आता?"

"एक तलाव धुतील."

आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. आई, बाबा, मी, सगळे.

"कुठला?" आत्याने विचारलं.

"कुठलाही. सात आहेत." आजोबांनी अंगणाकडे बघितलं. "ये शनिवारी."

"शनिवारी कारखाना असतो, अण्णा. रविवारीही, या आठवड्यासारखं काम आलं तर."

"मग त्याच्या पुढच्या रविवारी."

आत्या बॅगेचा पट्टा सरळ करत राहिली. तो सरळच होता.

"रविवारची बस उशिरा लागते," ती म्हणाली. "साडेअकरा होतात इथे यायला."

आजोबा म्हणाले, "मग साडेअकरा."